वीजबहाद्दराचे पाय

पनवेल आणि पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, वीजबहाद्दर मरण पावला असून सध्या हिंडतंय ते त्याचं भूत आहे. ही घोषणा मीठतात्यांनी माझ्या पुस्तकांच्या दुकानात भर रविवारी केली आणि पुरावा म्हणून नवा अंक काउंटरवर आपटला.

वीजबहाद्दर म्हणजे दर महिन्याला निघणाऱ्या एका मराठी कॉमिकचा नायक. खांबावरची वीज पितो आणि गुंडांना झटके देतो. मीठतात्या म्हणजे त्याचे सर्वांत वयस्कर चाहते. त्यांचा जन्म जासईकडच्या मिठागरात गेला. मिठागर गेलं, तिथे कंटेनर आले आणि तात्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्यांनी पहिला अंक वाचला. नंबर पुकारला गेला तेव्हा "दुसऱ्याला घ्या, हितं मारामारी चाललीय" म्हणाले.

माणूस पायांवरून ओळखायची त्यांना सवय. "मिठागरात समदी वाकलेली. तोंड कोन बगतो? पाय बगायचे." दुकानात कुणी शिरलं की तात्या आधी त्याचे पाय बघत, मग "या" म्हणत. त्यांच्या स्वतःच्या टाचांना अशा भेगा, की आगपेटीची काडी उभी राहावी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मलमाची डबी घेऊन जन्मभर मागे लागल्या. तात्या म्हणत, "मिठागर गेला, भेगा तरी राऊंदे."

तर भानगड अशी झाली, की कॉमिकचे जुने चित्रकार निवृत्त झाले आणि नवीन हात आला. रंग झकास, चेहरे भावुक, कथा गंभीर. कॉलेजची पोरं खूश.

"तात्या, स्टोरी आता मॅच्युअर झालीय. आधी नुसतं ढिशूम ढिशूम!"

"ढिशूम मारायला पयला उबा रावा लागतो. ह्यो कशावर उबा हाय?"

खरंच की! पानोपानी वीजबहाद्दराचे पाय धुक्यात, गवतात, नाहीतर धुरात. एकदाच दिसले होते, तेही दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला.

"उलटे पाय कोनाचे असतात, सांगा!"

पोरं आधी हसली आणि मग तीच थिअरी व्हॉट्सॲपवर फिरवू लागली. नायक मागेच मेलाय, ही नवी चित्रशैली म्हणजे त्याची खूण! विचुंब्यात तर दोन मित्रांनी यावरून बोलणं सोडलं. तात्यांचं मात्र खरोखर बिनसलं. "मेला असंल तर सरळ सांगा, मी वाचायचा बंद करतो," ते मला म्हणाले. "मिठागर गेला तवाबी कोनी धड सांगितला नवता."

मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. पुढच्या रविवारी खुद्द चित्रकार दुकानात हजर: चष्मा लावलेली, किरकोळ अंगाची मुलगी. पोरांनी तिला घेरलं. "मॅडम, पाय न दाखवणं हे प्रतीक आहे ना?"

ती लालबुंद झाली. "नाही हो. मला पाय काढता येत नाहीत."

तात्यांनी शांतपणे चपला काढल्या, दोन्ही पाय माझ्या स्टुलावर ठेवले आणि म्हणाले, "ह्ये बग, पोरी. काड."

तीन तास ती काढत होती. पुढच्या अंकात वीजबहाद्दर पानभर, अनवाणी, घट्ट उभा. तात्यांनी अंक नाकाशी धरून नीट तपासला आणि जाहीर केलं, "जिता हाय!"

गेल्या वर्षी तात्या गेले. महिनाभराने काकू त्यांचे सगळे अंक धोतरात बांधून दुकानात घेऊन आल्या. "तुमीच ठेवा, मना यातला काय कलत नाय." जन्मात त्यांनी एक अंक उघडला नव्हता. मी त्यांना खुर्ची दिली आणि नवा अंक समोर ठेवला. पहिल्याच पानावर वीजबहाद्दर आभाळातून खाली झेपावत होता, तळवे थेट आपल्याकडे. काकूंनी टाचेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. आणि भरल्या दुकानात त्या ओरडल्या,

"अगो बाय! अजून मलम लावला नाय यांनी!"