दुखवट्यातला सल्लागार

नोकरीतून मोकळी होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाच्या दारी दुखवट्याला बसले की सिल्लोडकडची ती तरणी विधवा डोळ्यांपुढं येतेच. नावं सांगणार नाही. त्या बायांना अजून गावातच नांदायचं आहे.

मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार होते. सकाळची हजेरी उरकून चहा हातात घेतला, तेवढ्यात ती सासऱ्यासोबत आली. नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेलेला. भरपाई खात्यावर जमा झाल्याचं कळलं म्हणून ती बँकेत गेली, तर खातं जवळजवळ रिकामं. आधारवर पैसे देणाऱ्या अंगठ्याच्या मशीनवरून थोडे थोडे करून पैसे काढलेले. मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जायचे, आणि तो मोबाइल त्याच्यामागं कुणी चालूच केला नव्हता.

सासरा तडकलेलाच होता. "अंगठा हिचा, मग पैसे काय भुतानं काढले? माहेरी धाडले आसतील."

"लेकरांची शपथ, मामंजी," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाई, पैसे नाय घावले तर भाऊ मला न्यायला येणार हाय. मला नाय जायचं. माझं घर हाय ते."

गुन्हा दाखल केला, बँकेकडून माहिती मागवली. मशीन निघालं एका ऊसतोड मजुराच्या नावावर. त्या बिचाऱ्यानं ते कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. तपास तिथंच अडला.

खबर दिली ती गावोगाव बांगड्या विकणाऱ्या एका खालानं. टोपली पायरीवर टेकवून म्हणाली, "मॅडम, जिस घर में मेरा जाना बंद होता ना, उस घर में एक साहब का जाना चालू होता. ताई, ताई करता."

"काम काय करतो तो?"

"पैसे का मार्गदर्शन करता बोलते. मैं बी बेवा हूँ, मेरे को तो नै किया! मेरे पास पैसा नै ना." आणि स्वतःच खदखदून हसली.

जवळच्याच एका गावात नुकताच एक जण अपघातात गेला होता. मी साध्या लुगड्यात त्या घरच्या बायांत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी साहेब आलेच. चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले, "ताई, आता तुम्हालाच सगळं बघायचंय, भरपाईची नोंद मी करून देतो." तिथूनच उचलला.

ठाण्यात गडी निवांत. निरपराध माणूस चौकशीत चिडतो, रडतो, घरी फोन करू द्या म्हणतो. यानं कमी साखरेचा चहा मागितला. "मॅडम, पुण्याचं काम करतो मी. बाईमाणसाला पैशातलं काय कळतं? आणि तुम्ही म्हणता त्या विधवेच्या गावाला मी गेलेलोच नाही." बॅगेत फक्त विम्याची पत्रकं.

फिर्यादीला विचारलं, "दुखवट्यात असा साहेब घरी आला होता ना? त्याला बघितलंस तर ओळखशील?"

"तोंड पायलंच नाय, बाई."

आमच्याकडं दुखवट्यातली सून कोपऱ्यात पदर हनुवटीपर्यंत ओढून बसते. परक्या पुरुषापुढं मान वर करत नाही. ती पुढं म्हणाली, "नोंद करायची म्हणून आधारचा नंबर लिवून घेतला, मऊ मेणावर अंगठा दाबून घेतला. तवर मी त्याचे पायच बघत व्हते. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं हाय."

हवालदार फिसकन हसला. मी त्याला म्हटलं, "हसू नको, लिही." जबाब नोंदवला. खालाच्या मदतीनं अशाच आणखी दोघी शोधल्या, त्यांचेही जबाब वेगवेगळे घेतले. मग ओळख परेडसाठी नायब तहसीलदारांकडं गेले.

"पायांची परेड? मॅडम, वरचे लोक हसतील."

"हसू द्या, साहेब. त्या बायांनी जेवढं बघितलं तेवढंच विचारायचंय आपल्याला."

त्याच वयाची, वाकड्या बोटांची माणसं हवीत म्हणून हवालदार बाजारभर लोकांचे पाय न्याहाळत फिरला. लोकांना वाटलं, पोलीस आता चपला विकायला लागले! गुडघ्यापर्यंत चादर बांधली, मागं सगळे अनवाणी उभे केले. तिघी एकेक करून आल्या. तिघींनी तेच पाय दाखवले.

चादर काढली तेव्हा गड्याचं तोंड उतरलेलं. पुन्हा चौकशीला बसवला, तर त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग म्हणाला, "त्या दिवसांत बाया वर बघत नाहीत, म्हणून तर मी तेव्हाच जायचो."

शहराच्या गारखेडा भागातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीचा पंचनामा केला. तंबाखूच्या डबीत रबराचे अंगठे सापडले, प्रत्येकाला गावाच्या नावाची चिठ्ठी. भरपाई जमा होईपर्यंत तो थांबायचा आणि मग त्या ठशांवर पैसे काढायचा. बायकोच्या खात्यावर बरीच रक्कम शिल्लक होती, ती गोठवली. कोर्टाच्या हुकमानं सगळी नाही, पण मोठा भाग परत मिळाला.

हुकूम झाला त्या दिवशी सासरा म्हणाला, "पोरी, आता माझ्या नावावर ठिव."

"मामंजी, औषधपाण्याला मागाल तवा देईन. खातं माझंच राहू द्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता, दादा? बरोबर बोलली ती."

या केसनं मला एक शिकवलं. घरचा माणूस गेला की गाव त्या बाईला रडायला माणसं देतं, पण पैशाचं धड सांगायला कुणी बसत नाही. तिथं चोर बसतो. पुढं आकस्मिक मृत्यूच्या पंचनाम्याला गेले की मी निघताना बाईजवळ टेकायचे. महिनाभर अंगठा कुणाला देऊ नको, घाईनं पैसा कुठं गुंतवू नको, मोबाइल चालू ठेव, बँकेत आपल्या पायांनी जा. पुरुष कुरकुरायचे, "हे पोलिसांचं काम हाय का?" मी म्हणायचे, "व्हय, हेच हाय."

त्या वर्षी दिवाळीआधी सिल्लोडकडच्या त्या पोरीचा भाऊ गाडी घेऊन तिला माहेरी न्यायला आला होता म्हणे. तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, लेकरांना मामाच्या पाया पडायला लावलं आणि गाडी रिकामी परत पाठवली.