कॅरिअरवरची ओटी

सायकल चालवताना मी देवाचं नाव कधी घेतलं नाही, शिव्या मात्र पोटभर दिल्या. बाभळीच्या काट्याला दिल्या, पांदणवाटेतल्या चिखलाला दिल्या, आणि सगळ्यात जास्त माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूला दिल्या. त्या बाईचा राग मला अजून येतो. आता ती थकली आहे, भेटली की प्रेमानं हात हातात घेते, तरी येतो.

आमचं गाव सिंदी रेल्वे या गावापासून तीन मैल. ताईला दिली होती ती बोर नदीच्या वरच्या अंगाला, जंगलाला अगदी चिकटून असलेल्या गावात. मधे पंधरा-सोळा मैलांचं अंतर. आधी काळी सपाट शेतं, मग नदीचं खोरं, मग सागाचं जंगल आणि दगडगोट्यांचा चढ. शहात्तर-सत्त्याहत्तर सालची गोष्ट. तिकडं एसटी जायची नाही. जायचं तर दमणी जुंपायची, म्हणजे बैलांची छपराची हलकी गाडी, नाहीतर पायी.

ताईच्या लग्नात पंगतीला तिच्या मामेसासऱ्याला पान वाढायला उशीर झाला. एवढंच झालं. पण तो माणूस पाटावरून उठला, त्याच्यामागं निम्मी पंगत उठली, आणि आमच्या बाबांच्या तोंडून निघून गेलं की उपाशी राहायचीच हौस असेल तर राहा. झालं. बाबा म्हणायचे, त्यांनी बोलावल्याशिवाय मी त्या घराची पायरी चढणार नाही. तिकडचे म्हणायचे, माहेरचा माणूस घ्यायला आल्याशिवाय आम्ही सून पाठवणार नाही. दोन वर्षं अशी गेली. दोन्हीकडचे पुरुष ताठ, आणि मधे माझी माय लकव्यानं उजवं अंग लुळं होऊन खाटेवर पडलेली. फाटक वाजलं की विचारायची, ताई आली का? दिवसातून दहा वेळा फाटक वाजायचं. मांजर आलं तरी वाजायचं.

मी एकोणीस वर्षांची होते. शेजारच्या गावच्या बालवाडीत शिकवायला जायचे, बाबांच्या काळ्या चोवीस इंची सायकलवर, सलवार-कुर्ता घालून. गावात ना असा पोशाख कुणी घातला होता ना दांड्याच्या सायकलवर कुणी मुलगी बसली होती. पारावरची माणसं बघून घसा खाकरायची. मीही घंटी वाजवून त्यांचं स्वागत करायचे. बाबा मला काही म्हणत नसत, कारण त्यांचा सगळा राग तिकडं जंगलापलीकडं गुंतला होता.

भादव्यात महालक्ष्म्यांच्या सणाला मी एकटीच निघाले. म्हटलं, घ्यायला माणूस पाहिजे ना, मी जाते. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर सायकल घालणाऱ्याला अक्कल नसते हे मला त्या दिवशी कळलं. माती चाकाला लागते, चाकाबरोबर वर जाते आणि मडगार्डात ठासून बसते. मग चाक फिरायचं बंद. दर पन्नास पावलांवर उतरायचं, काडीनं माती उकरायची, पुन्हा बसायचं. शेवटी सायकलच खांद्यावर घेतली. जंगलातला मुरूम लागला तेव्हा कुठं चाकं मोकळी झाली. तिथं पोहोचले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, हात सोललेले, आणि तरी मी खुशीत होते.

सासू दारातच उभी होती. माझ्या मागं रस्त्यावर बघत तिनं विचारलं, संग कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाई, मीच आहे.

"पोरीच्या संग आम्ही सून पाठवत नाई," ती म्हणाली. "घरातला माणूस घेऊन येजो."

पाणी दिलं. बस म्हटलं नाही. आतल्या दाराच्या फटीतून मला ताईचे फक्त हात दिसले, कोपरापर्यंत पिठाचे. ते हात पिठात तसेच थांबले होते. मी तांब्या ओसरीवर आदळला आणि निघाले. परतीचा चिखल तितकाच होता, पण शिव्या दुप्पट दिल्या.

घरातला माणूस म्हणजे पुरुष. मला सख्खा भाऊ नाही. दोन चुलत भाऊ होते. एकाला म्हटलं तर त्याचं पोट दुखायला लागलं, दुसऱ्यानं सांगितलं की मोठ्यांच्या भांडणात तो पडत नाही. मिशा दोघांनाही होत्या. राहिले आमचे आबाजी, बाबांचे सख्खे काका. पंचाहत्तरी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, अंगावर मांस नाही, पण खवचट इतके की कोंबडी त्यांच्या खाटेखाली जात नसे. मी म्हटलं, आबाजी, तुम्ही चला, मी कॅरिअरवर बसवून नेते. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की तिकडं त्यांचा मानपान होणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून फाटकाशी उभे.

दिवाळी होऊन गेली होती, वाट कोरडी होती. कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली, त्यावर आबाजी. म्हातारा हलका होता, तोंड मात्र जड. सगळी वाट बोलत होता. हळू चालव, खड्डा दिसत नाही का, माझी हाडं मोडली तर तुझा बाप देणार आहे का? जंगल लागल्यावर वाघाचं सुरू केलं. वाघ आला तर थांबायचं नाही, पळायचं, पण मला टाकून पळायचं नाही, हे त्यानं मला चार वेळा बजावलं. चढावर मी उतरून सायकल ढकलायची आणि हे वर बसून टोपी सावरणार. उतरा म्हटलं तर म्हणे, उतरलो तर पुन्हा चढवणार कोण? घामानं माझा कुर्ता अंगाला चिकटला होता. त्या सागाच्या पानांवर सकाळचं ऊन काय सुंदर पडलं असेल, मला काही आठवत नाही. मला फक्त म्हाताऱ्याची टोपी आठवते.

तिथं मात्र चमत्कार झाला. तीच सासू, तोच दरवाजा. आबाजींना पाय धुवायला पाणी आलं, खाट टाकली, वर सतरंजी, चहा, पानाचा डबा. ताईचा सासरा आणि आमचे भाटवे, म्हणजे ताईचा नवरा, दोघं समोर बसले. मला कुणी विचारलं नाही. ज्या पायांनी त्या बुढ्याला ओढत आणलं ते पाय मीच हौदावर धुतले.

ओसरीवरचं बोलणं मी दाराआडून ऐकत होते. सासरा म्हणाला, कापसाची वेचणी ऐन भरात आहे, घरचं माणूस आता हलवता येत नाही, वेचणी सरली की पाहू. मी वाट बघत होते की आबाजी आता मायचं नाव काढतील, लकव्याचं सांगतील. त्यांनी पान चावलं. मग म्हणाले, बरोबर आहे तुमचं, आधी शेत, बायकांचं रडणं-भेटणं काय, होतच राहते. आणि तिघंही हसले. जेवणाची तयारी झाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, जाऊन ती टोपी चुलीत घालावी. पण मी दाराआडच राहिले. जेवणं झाली. दुपारी सासू शेतावर वेचणाऱ्या बायांकडं गेली, सासरा आणि भाटवे बैल बघायला गोठ्याकडं, आणि आबाजी त्या सतरंजीवर तोंड उघडं टाकून घोरायला लागले. मी मागच्या दारी गेले. ताई भांडी घासत होती. म्हटलं, चाल, बस सायकलवर.

ती नाही म्हणाली. मी म्हटलं, माय रोज तुले विचारते, उजवा हात हलत नाई तिचा, डाव्या हातानं पदर शोधते. ताईनं हातातलं भांडं पालथं घातलं, हात धुतले, आरशाशी जाऊन कुंकू नीट केलं आणि आली. पिशवी नाही, लुगडं नाही, काही नाही. चपलासुद्धा ओसरीवर आबाजींच्या खाटेशी होत्या, म्हणून ती अनवाणीच निघाली.

जंगलातला उतार आम्ही असा उतरलो की आजही अंगावर काटा येतो. ब्रेकचं रबर झिजलेलं, वाट दगडांची, मधेच सागाची मुळं. सायकल उडायची, ताई माझ्या कमरेला दोन्ही हातांनी धरून ओरडायची. मला वाटलं, आनंदानं ओरडते आहे. नव्हती. ती मला शिव्या देत होती. थांब म्हणत होती, परत फीर म्हणत होती. मी थांबले नाही. काटा लागून मागचं चाक बसलं तेव्हा थांबावंच लागलं. मी ट्यूब काढून ठिगळ लावत होते आणि ती पळसाखाली उभी राहून मागच्या वाटेकडं बघत होती.

मी चिडून म्हटलं, एवढं ओढत आणलं तर दोन शब्द चांगले तरी बोल.

"तुले काय," ताई म्हणाली, "तू घरी राहशील. मले परत जा लागते."

मी ठिगळ दाबलं, दांड्याचा पंप काढला. हवा भरली, ती बसली, निघालो. नदीला गुडघाभर पाणी होतं. मी सायकल डोक्यावर घेऊन ओलांडली, ती लुगडं वर खोचून मागं मागं. पलीकडं काठावर एक गाव होतं. पहिल्याच घराशी ती म्हणाली, इथं थांब.

आमच्याकडं सून माहेरी निघाली की सासू तिची ओटी भरते. धान्य, सुपारी, हळदकुंकू. ओटी नाही म्हणजे सून पळून आली किंवा हाकलली. ताई त्या अनोळखी घरात गेली आणि दारातल्या बाईला म्हणाली, माय, सासरहून निघाली, ओटी भरायची राहिली. ती बाई तिच्या अनवाणी पायांकडं बघत राहिली. विचारलं काही नाही. आत गेली, कुंकवाचा करंडा आणला, सुपात ज्वारी आणली आणि ताईच्या पदरात पाच ओंजळी घातल्या, वर एक सुपारी. मी फाटकाशी उभी राहून धुसफुसत होते. पुढं रस्त्याला लागल्यावर मी ताईला म्हटलं, हे नाटक कशाला? खोटं ते खोटंच.  उरलेली सगळी वाट तिनं एका हातानं मला धरलं आणि एका हातानं पदराची गाठ.

दिवेलागणीला फाटक वाजलं. आतून मायनं विचारलं, ताई आली का? या वेळी ताईच आत गेली. मी तिच्या मागं. मला वाटलं होतं माय रडेल, मला जवळ घेईल, म्हणेल माझ्या वाघिणीनं आणलं. मायनं डाव्या हातानं ताईचं तोंड चाचपलं, गाल, कान, कपाळावरचं कुंकू. मग पहिला प्रश्न विचारला तो हा.

"सासूले सांगून आली नं, बाई?"

"हो माय. ओटी भरून पाठवलं मले," ताई म्हणाली, आणि पदराची गाठ सोडून मायचा हात आत ठेवला.

मायची बोटं त्या धान्यात फिरली. थांबली. ताईचं सासर आमच्याहून मोठं, सणासुदीला गव्हाशिवाय दुसरं धान्य ओटीत न घालणारं. माय हे जाणून होती. तिनं दोन दाणे चिमटीत धरले, चोळून पाहिले. मग हात खाली नेला आणि ताईच्या पायांची धूळ चाचपली. मी म्हटलं, आता विचारील. तिनं विचारलं नाही. मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"तुह्या बापाले जाऊन सांग, त्याईनं ओटी भरून पाठवलं म्हणा," ती म्हणाली. "अन् तू तोंड उघडू नको."

मी जाऊन सांगितलं. दोन वर्षं ताठ बसलेले बाबा ते ऐकून उठले आणि कोनाड्यातला कंदील स्वतः पुसायला लागले. तिसऱ्या दिवशी दमणी आली. भाटवे हाकत होते आणि आत आबाजी, मांडीवर ताईच्या चपला. भाटव्यांचं तोंड तापलेलं होतं, शब्द ओठांवर होते. पण बाबा फाटकाबाहेर सामोरे गेले, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, म्हणाले, तुम्ही मोठ्या मनानं पाठवलं. आता आपली बायको मागच्या दारानं सायकलवर बसून पळाली हे कोणता नवरा सांगेल? ते गिळून बसले. आबाजींना तर झोपेत काय झालं हेच सांगता येत नव्हतं. आठ दिवसांनी ताई दमणीतून परत गेली. मायनं ताईची ओटी गव्हानं भरवली, शेजारणीच्या हातून.

त्यानंतर दर सणाला त्यांनी तिला माहेरी पाठवलं. माय होती तोवर, सहा वर्षं, एकदाही चुकवलं नाही. चिखल मी तुडवला, म्हातारा मी ओढला, आणि काम झालं ते कुण्या बाईच्या पाच ओंजळी ज्वारीनं. माझ्या सायकलचं नाव घरात कुणी काढलं नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला ताईच्या नणंदेचं लग्न होतं. पंगतीत माझ्या समोर ती सासू बसली होती. शेजारच्या बाईला सांगत होती की आमच्या सुनेची माय आजारी पडली तेव्हा वेचणी टाकून मी स्वतः तिची ओटी भरली, गहू, नारळ, खण, सगळं करून दमणीनं वाटेला लावलं. शेजारची बाई मान डोलवत होती. मी घास तोंडाशी नेला होता, तो खाली ठेवला. ताई वाढत वाढत माझ्यापाशी आली, वाकली, आणि माझ्या पानात वरण ओतता ओतता माझ्या पायावर आपला पाय दाबून धरला. चांगला जोरानं.

मी वरणभात कालवला आणि जेवले.