घटस्फोटानंतरचे कुच्चिदाती

नीरजा आणि डारिओचा घटस्फोट हिवाळ्यात झाला. घर विकलं, ओवीने कुठले दिवस कोणाकडे राहायचं ते ठरलं, आणि नीरजा लेकीला घेऊन ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागातल्या एका छोट्या युनिटमध्ये राहायला आली. नोव्हेंबर संपता संपता डारिओच्या आईचा, कॉन्चेत्ताचा फोन आला.

"अंजीर भिजत घातलेत. शनिवारी ये. ओवीलाही आण."

कुच्चिदाती म्हणजे सिसिलीची नाताळातली बिस्किटं. मैद्याच्या पारीत सुके अंजीर, बदाम आणि संत्र्याच्या सालीचं सारण भरायचं, भाजून वर पांढरं आयसिंग लावायचं. लग्न झाल्यापासून नीरजाने एकही डिसेंबर चुकवला नव्हता.

पुण्याहून तिची आई, विमल, व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "नवराच राहिला नाही, मग सासू कुठली? लोक हसतील. थोडा तरी मान ठेव स्वतःचा."

"तोंड लपवून बसायला मी काय चोरी केलीय, आई? जाणार मी."

ॲडलेडचा उन्हाळा सुरू झाला होता, शनिवारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. कॉन्चेत्ताने गॅरेजमध्ये दुसरं स्वयंपाकघर थाटलेलं होतं. तिथे ओव्हन पेटलेला, टेबलाला लोखंडी यंत्र आवळलेलं, आणि त्यात ओवी अंजीर दळत होती. कॉन्चेत्ताची बोटं संधिवाताने वाकली होती, म्हणून पारी नीरजा लाटत होती. तेवढ्यात डारिओ गॅसचा सिलिंडर घेऊन आला आणि दारातच थांबला.

"नीरजा, धिस इज अ बिट वीअर्ड," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी नॅटली असेल इथे. फॅमिलीचं काम आहे हे. तूच समजून घे."

नॅटली म्हणजे डारिओची नवी मैत्रीण, हे नीरजाला चांगलं माहीत होतं. तिने लाटणं खाली ठेवलं नाही.

"मी तुझ्याकडे आलेले नाही, डारिओ. इतकी वर्षं इथे उभी राहून लाटतेय. तू आयुष्यात एक तरी पारी लाटलीस का? नॅटलीला जरूर आण, टेबल मोठं आहे. पण मी माझ्या जागेवरून उठणार नाही."

डारिओने आईकडे पाहिलं. "मा, सांग तिला."

कॉन्चेत्ता सारणाच्या वळ्या करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बायको तू सोडलीस. सून मी सोडलेली नाही. सिलिंडर तिकडे ठेव आणि दार लावून घे, माश्या येतात."

तो गेला. मग मात्र नीरजाने लाटणं जरा जास्तच दाबलं आणि पारी फाटली.

"मम, आर वी स्टिल अलाउड टू कम?" ओवीने विचारलं.

"कोणाची परवानगी लागते?" नीरजा म्हणाली आणि तिने फाटलेली पारी गोळा करून पुन्हा लाटायला घेतली.

पुढच्या डिसेंबरला नॅटली आली, जरा घाबरतच. नीरजाने तिला सुरी दिली आणि तुकडे कसे तिरके कापायचे ते दाखवलं. मैत्री वगैरे झाली नाही, पण काम झालं. त्या वर्षी विमलही ॲडलेडला आली होती. मी त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणत होती, पण शेवटी गाडीत बसली. गॅरेजमध्ये थोडा वेळ हाताची घडी घालून बसली, मग न विचारता पुढे झाली आणि करंजीसारखी मुरड घालू लागली. कॉन्चेत्ता इटालियनमध्ये नको म्हणाली. विमल मराठीत असंच छान दिसतं म्हणाली आणि तिने अख्खा ट्रे तसाच भरला.