आण्णांनी उचललेला भंडारा

महादूआण्णा दुकानाबाहेर वहाणा काढत. किराणा दुकान, पिठाची गिरणी, इथवर ठीक; पण सारोळ्याला हायवेवर पंक्चर काढणाऱ्याच्या पत्र्याच्या टपरीसमोर, तेलकट मातीतही त्यांनी वहाणा काढलेल्या मी पाहिल्या आहेत. "आण्णा, इथं तर उंबरासुद्धा नाही," मी हसून म्हणालो. "सायब, हितं त्येचं प्वाट चालतंय. पायताण घालून कसं जायाचं?" कंपनीने दिलेले काळे बूट त्यांनी घरी कपाटावर ठेवून दिले होते. नाड्या सोडण्यात दिवस जातो, ही त्यांची तक्रार.

धंद्याला कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या भोर शाखेत मी मॅनेजर होतो आणि आण्णा फिरतीवरचे. गिरणीवाले, टेम्पोवाले, उत्रोलीच्या शिलाईवाल्या बाया आणि वेल्ह्याच्या डोंगरात म्हशी पाळून खवा विकणारी धनगर कुटुंबं ही आमची गिऱ्हाइकं. मी खुर्चीत, आण्णा वाटेवर. डोंगरातल्या लोकांना कंपनीचं नाव कधी पाठच झालं नाही. ते "आण्णाचं हापीस" म्हणत. मला ते जरा झोंबायचं, खोटं कशाला बोलू.

आण्णांनी एक रीत पाडली होती. भर पावसात वाड्यांची वाट वाहून जाते आणि खवा खाली उतरत नाही. तेवढे तीन महिने वरच्या लोकांकडे हप्ता मागायचा नाही. दिवाळीपर्यंत ते भरून टाकत. ही सवलत कुठल्याही कागदावर नव्हती. पैसा बुडत नसल्यामुळे मुख्य कचेरी काणाडोळा करी. मी सुरुवातीला एकदा नियमावर बोट ठेवलं, तेव्हा आण्णा शांतपणे म्हणाले, "म्हसरं दूध देत्यात सायब, पर दूध काय उडत भोरला येत न्हाई." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग कंपनीने नाव बदललं. जुनं मराठी होतं, नवं इंग्रजी. ते उच्चारताना आण्णांची जीभ अडखळे आणि आम्ही सगळे त्यांची थट्टा करत असू. प्रत्येक गिऱ्हाइकाची नव्या नावाच्या कागदांवर पंधरा दिवसांत सही हवी होती. सोबत माझ्या नावाने एक गोपनीय पत्र आलं. सह्या झाल्या की हप्ता दरमहा थेट बँकेतून कापायचा, कुणालाही सवलत नाही, फिरतीची माणसं बंद. आणि तोवर कुठे वाच्यता करायची नाही. त्याच पत्रात माझी पुण्याला बढती होती. मी पत्र खणात ठेवलं आणि आण्णांना आत बोलावलं.

"लोक इचारत्यात सायब, नाव बदललं म्हंजी आजून काय बदललं?"

"काही नाही आण्णा. फक्त पाटी बदलली. माणसं तीच, रीत तीच."

"आन् पावसाळ्याचं?"

"तेही तसंच."

हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

वरच्या वाड्यांवर कागदाला फारशी किंमत नाही. तिथे हौसाबाई म्हणून खव्याची भट्टी चालवणारी एक खमकी बाई होती. तिने सही करण्याआधी देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढची वाटी आण्णांसमोर धरली. "कागुद ऱ्हाऊ द्या. भंडारा उचला." देवाची हळद तळहातावर घेऊन माणूस बोलला की पुन्हा कुणी विचारत नाही. आण्णांनी भंडारा उचलला आणि माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तिचं पाहून पुढच्या घरांनीही तेच मागितलं. अकरा घरं, अकरा वेळा.

खाली आले तेव्हा त्यांचा तळहात अजून पिवळा होता. कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवत ते म्हणाले, "समद्यांनी देवाम्होरं बोलाय लावलं. बोललो." सही झालेले कागद अजून माझ्याच हातात होते. खण उघडून ते पत्र त्यांना दाखवायला अर्धं मिनिट पुरे झालं असतं. मी त्यांना चहा पाजला आणि गठ्ठा त्याच संध्याकाळी पुण्याला धाडला.

पुढचं व्हायचं तेच झालं. आषाढात हप्ते थकले, दंड चढला, वसुलीला परकी पोरं आली. हौसाबाईने दोनातली एक म्हैस विकली. आण्णांचं काम तर आधीच सुटलं होतं. मी पुण्यात होतो. नंतर कानावर आलं की आण्णा त्या चिखलातून अनवाणी अकराही घरी गेले. दाराबाहेर उभे राहून "माजा शबूद खोटा पडला" एवढंच म्हणाले आणि पाणीही न पिता परतले. त्या दिवसापासून त्यांनी कपाळाला भंडारा लावला नाही.

पुढे एकदा सारोळ्याला एसटीच्या थांब्यावर ते भेटले. वाळले होते. इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी हळूच विचारलं, "सायब, येक इचारू? तुमाला ठाव हुतं का?"

"नाही हो आण्णा. मलाही नंतरच कळलं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. दोन्ही हात जोडून म्हणाले, "मंग लई बरं झालं. म्या उगाच तुमच्यावर संशेव घेतला. माफी करा." मी ते हात खाली घेतले. बाकी काही केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आण्णा गेले. दहाव्याला जायचं धैर्य मला झालं नाही. पण निदान एका माणसाला तरी खरं सांगावं, म्हणून मी महिन्याभराने हौसाबाईची वाडी गाठली. दाराबाहेर बूट काढले. तिने ओळखलं, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "आण्णा शेवटचं आलं तवा सांगून गेलं. म्हनलं, माज्या सायबालाबी वरच्यांनी फसिवलं, त्येंच्यावर राग धरू नगा. देवमानूस. मरंस्तवर तुमचीच बाजू घेतली बगा."

मी तिने दिलेलं पाणी पिऊन टाकलं. तिने उठून देव्हाऱ्यातली वाटी आणली. आल्या पाहुण्याला भंडारा लावून धाडायची त्यांच्यात रीत आहे.

"या म्होरं," ती म्हणाली.

मी वाकून कपाळ पुढे केलं.