कदम वस्तीपर्यंत पोचणारी गाडी

क्रांती मोहिते जनावरांची डॉक्टर. शिरवळला शिकली, कडेगावात दवाखाना टाकला, आणि दवाखान्यात बसण्यापेक्षा लोकांच्या गोठ्यांत वाकण्यातच तिची वर्षं गेली. वडील फौजेत ड्रायव्हर होते. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जिप्सी त्यांनी हौसेनं आणून दारात लावली आणि पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा किल्ली लेकीच्या हातात दिली. गावात कौतुक झालं, तशी नाकंही मुरडली गेली. बाईमाणसानं असली गाडी हाणावी का, असं विचारणाऱ्यांच्या म्हशी आडल्या की फोन मात्र तिलाच यायचा. तेवढ्यापुरता त्यांना तो प्रश्न आठवत नसे.

जिप्सी डांबरावर बरी, मुरमावर त्याहून बरी. घोडं अडायचं ते शेतांमधल्या पाणंदीत. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर काळ्या रानातल्या पाणंदीला अशा खोल चाकोऱ्या पाडतात की मधला वरंबा गुडघाभर वर राहतो. त्याच्यावर गाडीचं पोट टेकलं की चाकोरीतली चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही. गेल्या हंगामात अवकाळी पाऊस झाला आणि येरळा नदीच्या अंगाला कदम वस्तीकडे जाताना क्रांतीचं नेमकं हेच झालं. वस्तीवरच्या बनुबाईची जर्सी गाय आडली होती. क्रांती गाडी तिथंच सोडून, बॅग आणि दोऱ्या खांद्यावर टाकून चिखलातनं चालत निघाली. पोचली तेव्हा वासरू गेलेलं होतं. गाय तिच्या हाताखाली गेली.

बनुबाई एकटी बाई. नवरा वारलेला, मुलगी सासरी. तिनं क्रांतीला एका शब्दानं बोल लावला नाही. पाण्याची कळशी आणून तिच्या हातांवर ओतली आणि मुकाट्यानं आत गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर क्रांतीला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून बनुबाईचा फोन येणं बंद झालं. बाई आपल्यावर रागावली, तिनं दुसरा डॉक्टर धरला, असं क्रांतीनं मनाशी पक्कं केलं. जाऊन विचारायची मात्र हिंमत होईना. आडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी ही बाई एका म्हातारीच्या दारात जायला भीत होती, आणि हे तिचं तिलाही पटत नव्हतं. मग चारचौघं करतात तेच तिनं केलं. दुखत होतं मन, इलाज सुरू केला गाडीवर. चिखल असो, चाकोरी असो, गाडी थेट बनुबाईच्या दारात न्यायची आणि सांगायचं की मावशी, आता पुन्हा उशीर व्हायचा नाही. एवढं सांगितल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

तिचा मावसभाऊ धैर्यशील विश्रामबागेत राहतो. रविवार आला की मित्रांबरोबर जीपा घेऊन डोंगर चढायचे आणि परत येऊन आठवडाभर त्याच्या गप्पा मारायच्या, हा त्याचा नाद. तो तिला कुपवाडला आपल्या नेहमीच्या गॅरेजात घेऊन गेला. मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस. गाडी दोन प्रकारांनी उचलता येते, असं त्यानं समजावलं. स्प्रिंगचे पाटे बदलले की वरचा सांगाडा आणि पोट वर जातं, पण दोन चाकांच्या मधला आसाचा गोळा आहे तिथंच राहतो. तो वर जायला चाकच मोठं लागतं. मग कायद्यात काय बसतं तेही त्यानं सांगितलं आणि विचारलं, गाडी नक्की चालवायची कुठं?

धैर्यशीलला हा प्रश्नच फिजूल वाटला. चार इंच लिफ्ट आणि मोठ्या गट्ट्यांच्या नक्षीचे रुंद टायर, त्याशिवाय गाडीला रुबाब नाही, असं त्याचं म्हणणं. मिस्त्री म्हणत होता, दोन इंचांत काम भागेल. खरं तर इथं क्रांतीनं पाणंदीचं सगळं सांगायला हवं होतं. रोगाची माहिती न देता औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकांवर ती दवाखान्यात रोज उखडते. पण त्या घडीला तिच्या डोळ्यांपुढं ती गाय होती. जेवढी उंच होईल तेवढी करा, असं सांगून ती मोकळी झाली.

गाडी झाली ती बघण्यासारखी झाली. कडेगावात पोरं फोटो काढायला आली. चढताना क्रांतीला दाराला लोंबकळावं लागायचं, पण तेही तिनं चालवून घेतलं. पुढचा हंगाम सुरू झाला, पाणंदीत चाकोऱ्या पडल्या, तशी एक दिवस सकाळीच ती कदम वस्तीच्या वाटेला लागली.

पोट टेकलं नाही, हे खरं. पण ट्रॅक्टरची चाकोरी रुंद आणि जिप्सीची चाकं जवळजवळ, त्यामुळं एक चाक चाकोरीत उतरलं तर दुसरं वरंब्यावर चढायचं. एवढी उंच केलेली गाडी अशी कलली की आता उलटणार असं क्रांतीला वाटलं. तिनं स्टिअरिंग कडेला ओढलं आणि डावी चाकं बांधावर घातली. आता गाडी सरळ चालली. फक्त टायरचे गट्टे बांधाची माती ओरबाडत चालले होते, आणि बांध होता कडेच्या रानाच्या मालकाचा, लालासाहेबांचा.

लालासाहेब खोरं घेऊन उसाच्या पाण्यावर होते. ते पाणंदीत येऊन उभे राहिले. आपल्याकडे माणूस एक वेळ चुलतभावाशी बोलणं टाकील, पण बांधाची चार बोटं सोडणार नाही. ते काही ओरडले नाहीत.

"डाक्टरीणबाई, ट्रॅक्टरं चाकोरीतनं जात्यात. तुमची गाडी माझ्या बांधावरनं चाललीया. जनावरं वाचवायची म्हणून बांध मारता व्हय?"

क्रांतीनं उतरून बघितलं. बांधाचा काठ पार फुटला होता, कडेच्या उसाचे कोंब उपटून आले होते. लालासाहेबांची माफी मागून ती सगळी पाणंद मागं मागं गाडी घेत बाहेर आली. ट्रॉलीवाले थांबून गंमत बघत होते. घरी जाऊन ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कुपवाडला गेली आणि मिस्त्रीला सगळी पाणंद सांगितली. मिस्त्रीनं हूं केलं आणि कामाला लागला. लिफ्ट निम्म्यावर आणली, टायर उंच पण अरुंद घातले. एक चाक चाकोरीत आणि दुसरं वरंब्यावर ठेवून चालली तरी आता गाडी कलंडायची भीती नव्हती, आणि बांधाकडे जायचं कारण उरलं नव्हतं. काढलेले रुंद टायर धैर्यशीलनं आनंदानं आपल्या जीपला लावले. हिची गाडी बगळ्यासारखी दिसते, असंही तो म्हणून गेला. दिसू दे, म्हणाली क्रांती.

या खेपेला लालासाहेब बांधावर बसून होते. जिप्सी हलत-डुलत चाकोरीतनं गेली. ते चाकाकडे बघत राहिले आणि मग पान लावायला लागले.

कदम वस्तीवर बनुबाई दारात शेंगा फोडत बसली होती. क्रांतीनं गाडी बंद केली आणि सवयीनं आधी गोठ्याकडे बघितलं. गोठा झाडलेला होता. शेण नव्हतं, वैरण नव्हती. दावणीला कोणीच नव्हतं.

"मावशी, जनावरं कुठं हायती?"

"हायती कुठं? ती गाय गेली तवापासनं असंच हाय."

इतके दिवस घोकलेलं सगळं क्रांती विसरून गेली. "मला वाटलं, तुमी रागावलाय. दुसरा डाक्टर लावलाय."

"डाक्टर लावू कुणाला? खुंट्याला?" बनुबाईनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "आवं पोरी, दुसरी गाय आणायची तर तू पारखून दिलेलीच आणायची, ह्ये मी तवाच ठरिवलं. पर फोन कसा करू? जनावर न्हाई आन डाक्टरला ये म्हणू? तशी तू आली असतीस म्हणा. मागच्या खेपंला कमरंपतूर चिखलात भरून आली व्हतीस, त्ये बघितलंय मी. परत तुला तसं चालवायला माझा जीव झाला न्हाई. म्हणलं, येईल कवातरी."

क्रांती गाडीच्या पायरीवर टेकली. पाटे, टायर, कुपवाडच्या खेपा यांत तिचं वर्ष गेलं होतं, आणि त्या वर्षभर ही बाई रिकामा गोठा रोज झाडून तिची वाट बघत होती. पाणंद कोरडी असताना कुठल्याही दिवशी क्रांती चालत येऊ शकली असती. तिला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही.

बनुबाईनं तिला रडू दिलं. मग पदर खोचत उठली.

"जनावराचा बाजार कवा असतोय, त्ये सांग."

"उद्या," क्रांती म्हणाली.

"मग सकाळी लवकर ये."