धावू न शकणारी गिऱ्हाइकं

बूटवाल्या काकांच्या दुकानात येणाऱ्या माणसाचा एक पाय दुसऱ्याशी फटकून वागणारा असायचा. कुणाचा आखूड, कुणाचा आत वळलेला, कुणाचा अपघातानंतर नुसता नावाला उरलेला. अशा पायाला एकदा माप घेऊन भागत नाही. आधी कच्चा बूट करायचा, तळाला तात्पुरते खिळे मारायचे. तो घालून गिऱ्हाइकानं दुकानातल्या दुकानात चालायचं आणि काकांनी खाली बसून टाच कशी पडते ते बघायचं. हे घाईचं काम नव्हे. काकांनाही घाई कशी ती ठाऊक नव्हती. बायको त्यांना ‘आमची मालगाडी’ म्हणायची ती उगीच नाही.

या कामात एक गोम होती आणि ती रस्त्यावरच्या गाड्या उचलून नेणाऱ्या टोइंगवाल्यांनी बरोबर हेरली. काकांचं गिऱ्हाईक धावू शकत नाही.

शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिथली गिऱ्हाइकं पांढऱ्या रेषेबाहेर मन मानेल तशा गाड्या लावत आणि टोइंगची गाडी दिसली की टुणकन बाहेर येत. तशी वेळही क्वचितच यायची, कारण टोइंगवाल्या हवालदाराचा फोन तिथे फुकट दुरुस्त होत असे. काकांच्या दारातली गाडी मात्र रेषेच्या आत असली, तरी चाक रेषेला टेकलंय म्हणून उचलली जायची. मालक आत, एका पायात कच्चा बूट घालून उभा. तो दारापर्यंत येईतो गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झालेली असे.

काकांनी काय करायचं बाकी ठेवलं? जागा धरायला बाहेर स्टूल ठेवलं, तर तेही उचलून नेलं. दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या ताईंना तेव्हा कसलाही त्रास नव्हता. तरी त्या आपलं दुकान बंद करून काकांबरोबर वाहतूक पोलिसांच्या साहेबांच्या ऑफिसात खेटे घालत राहिल्या. काका बोलताना अडखळायचे, मग ताईच साहेबांना धारेवर धरायच्या. साहेब दर वेळी म्हणायचे, बघतो. अजून बघताहेत.

मग काकांच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचं ते झालं. बाई शाळेत शिकवायच्या. डावा पाय जन्मापासून आखूड, आणि कळायला लागल्यापासून त्यांचे बूट काकांच्याच हातचे. त्या दिवशी त्या कच्चा बूट घालून चालून दाखवत होत्या. बाहेर साखळीचा खडखडाट झाला आणि बाई नको तेच करून बसल्या. त्या धावल्या. पायरीवर बुटाचा तळ निखळला, बाई तोंडावर आपटल्या. मागे दोन जादा चाकं लावलेली त्यांची स्कूटर तोवर वर लटकत होती.

“सावकाश, मॅडम,” हवालदार म्हणाला. “गाडी डेपोतून घेऊन जा.”

बाईंनी रुमाल हनुवटीला दाबून धरला. “काका, आता माझ्यानं नाही व्हायचं. जुनाच बूट ओढीन.”

“जुन्यानं आता कंबर धरेल, बाई.”

“धरू दे.”

जुन्या बुटावर वर्षभर काढलं तर बाई काठीवर येतील, हे काकांना स्वच्छ दिसत होतं. संतापायचीही ताकद उरली नव्हती. ते निखळलेला तळ मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

मोबाईलवाला मनानं वाईट नव्हता. तो चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “काका, तो हवालदार दिवसभर उन्हात उभा असतो. द्या की एक जोड शिवून. विषय संपेल.”

काकांनी दिला. हवालदाराचा पाय हातात घेतला तेव्हा दिसलं, टाचांना भेगा, अंगठ्याला घट्टे, बोटं एकमेकांवर चढलेली. काकांना त्या पायाची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. बूट मुद्दाम वाईट शिवावा, इतकंही त्यांना जमलं नाही. हवालदार दुकानात दोन फेऱ्या मारून म्हणाला, “काका, पाय दुखायचे थांबले हो.” अगदी मनापासून म्हणाला.

त्या दिवसापासून टोइंगची गाडी काकांच्या दारात थांबेनाशी झाली. काकांनी बाईंना निरोप धाडला. बाई आल्या, निवांत चालल्या, नवा बूट घालून गेल्या.

पण टोइंगची गाडी रिकामी परत नेली तर हवालदाराला वरून बोलणी बसत. आणि चष्म्याच्या दुकानात डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेली माणसं डोळे मिटून बसलेली असतात. तीही धावू शकत नाहीत.

एका दुपारी ताई आल्या, घामाघूम.

“काका, आज माझ्या दारातून तीन उचलल्या. एक आजोबा रडायला लागले हो. चला, आपण दोघं परत साहेबांकडे जाऊ.”

काका चामड्यावरून हात फिरवत राहिले. ताईंशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

“मी कुठल्या तोंडानं येऊ, ताई? त्याच्या पायातले बूट माझे आहेत.”

ताई उभ्याच होत्या, त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. काकांना वाटलं, आता चिडतील, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ताईंनी चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि थकल्या आवाजात विचारलं, “त्याला वाचायला चष्मा लागतो का हो, काका?”