आमचंच धरणं

दुसऱ्यांच्या संपाच्या बातम्या लिहिण्यात आमची हयात गेली होती. बिडी कामगार, शिक्षक, एसटीवाले, सगळ्यांच्या मागण्या आम्हाला तोंडपाठ. आणि आम्ही स्वतः? नागपूरच्या दैनिकाचे भंडारा जिल्ह्यातले वार्ताहर म्हणून मिरवायचो, पण नेमणुकीचा कागद एकाकडेही नव्हता. बातमी लिहायची, पाकीट नागपूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं, दिवाळी आली की जाहिरातींसाठी दुकानदारांच्या दारात उभं राहायचं. अंगात ताप असला तरी पाकीट गेलंच पाहिजे. नोकरीच नव्हती, तर रजा कुठली?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही काही जणांनी पत्रकार संघटनेच्या नावाने दैनिकाच्या मालकांना मागणीपत्र धाडलं. नेमणूकपत्र द्या, ठरलेला पगार द्या, रजा द्या. पहिली सही सानगडीच्या वार्ताहराची होती. तो माझ्याहून मोठा, धानाची शेती सांभाळून बातमीदारी करणारा. मी त्याला भाऊ म्हणायचो. पहिली सही त्याची, म्हणून कुऱ्हाडही त्याच्यावरच कोसळली. 'उद्यापासून बातम्या पाठवू नका,' एवढाच निरोप आला.

त्याला परत घ्या, म्हणून आम्ही दैनिकाच्या भंडाऱ्यातल्या कचेरीसमोर धरणं धरलं. कचेरी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत होती, त्यामुळे आमची सतरंजी पितळी गुंडांच्या, म्हणजे पाण्याच्या हंड्यांच्या, ओळीला लागून पडली. भाषणाला जवाहरनगरच्या कारखान्यातले एक कामगार पुढारी आले होते. गेटवरच्या सभा गाजवलेला माणूस. त्यांनी मूठ उंचावून 'पत्रकार एकजुटीचा' म्हटलं आणि उत्तराची वाट पाहत थांबले. उत्तर आलंच नाही. आम्ही सगळे मान खाली घालून ती घोषणा लिहून घेत होतो.

"अरे, लिहून काहून राहिले? बोला ना," ते वैतागून म्हणाले.

दुकानदार गल्ल्यावर बसून फिदीफिदी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी 'विजय असो' म्हटलं ते भाऊच्या बायकोने. ती सकाळच्या बसने त्याच्यासोबत आली होती, आणि सतरंजीवर एकट्या तिच्याच हातात पेन नव्हतं. मग मात्र आम्ही पेनं खिशात घातली आणि घसे बसेपर्यंत ओरडलो.

दुपारी कचेरीचे प्रमुख माडीवरून खाली आले. भाऊला बाजूला घेण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, "मालक तुम्हाले परत घ्याले तयार आहेत. फक्त तेवढी सही मागं घ्या. उद्यापासून पाकीट पाठवा."

भाऊने हो म्हटलं असतं तर एकानेही त्याला नाव ठेवलं नसतं. बातमीवर त्याचा केवढा जीव होता, ते आम्ही पाहिलेलं होतं.

भाऊने आमच्याकडे हात केला. "अन् यायले? नेमणुकीचा कागद देता का?"

"त्याचं मंग पाहू."

"मंग माही सहीबी राहू द्या तितंच."

तो पुन्हा सतरंजीवर बसला. वहिनीने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

त्याला परत घेतलं नाही ते नाहीच. आंदोलनं होत राहिली, मोर्चे नागपूरपर्यंत गेले, आणि दशक सरता सरता आमच्यापैकी काहींना नेमणूकपत्रं मिळाली. माझं आलं तेव्हा आनंद झालाच, पण तो घरात बसून साजरा करवेना. मी रजा टाकली आणि सानगडीची बस धरली.

भाऊ पाण्याने भरलेल्या बांधीत धानाची रोवणी करत होता. बांधीच्या कडेला, धुऱ्यावर येऊन त्याने हात धुतले, लुंगीला पुसले आणि पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं.

"आजारपनाची सुटी लिवली आहे का?"

"आहे. साधी सुटीबी आहे. आज तेच घेऊन आलो."

"म्हंजे आजचा पगार तुले भेटन?"

"भेटन, भाऊ."

त्याने पत्राची घडी करून माझ्या खिशात नीट घातली. चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही कागद त्याच्याच नावाचा होता. "मंग आता पगारी मानूस माह्या बांधीत आला," तो हसत म्हणाला. "पॅन्ट वर कर, अन् घे पऱ्ह्यांची पेंडी."

मी रोपांची पेंडी घेऊन चिखलात उतरलो. रोवणीत वाकावं लागतं ते बरं. मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.